जवळची वाट

मनुष्य जेथें वस्ती करतो तेथें तो प्रथम घर बांधतो आणि मग त्या घरापासून पाणवठ्यापर्यंत जवळची वाट पाडतो. सरकारी रस्ता कितीहि रुंद असला तरी शेताच्या बांधावरून एक पायवाट निघतेच. ती कोणीं आंखलेली नसते, अनेकांच्या पावलांनीं ती आपोआप उमटते. या प्रवृत्तीविषयीं आपल्या भाषेचें मत मात्र एकच नाहीं. 'पायवाट' या शब्दांत आपुलकी आहे, 'आडवाट' या शब्दांत शंका आहे, आणि 'चोरवाट' या शब्दांत उघड निषेध आहे. अंतर वांचविण्याचा हेतु सर्वत्र सारखाच. मग एकीस शाबासकी व दुसरीस दोष कां? हा प्रश्न जुना आहे. पण आजच्या सुशिक्षित घरांत तो दररोज, आणि तोहि बोटांच्या टोकाशीं, उभा राहतो. म्हणून त्याचा विचार एका अगदीं साध्या उदाहरणावरून करावा असें आम्हीं योजिलें आहे. तें उदाहरण म्हणजे संगणकावरील प्रोग्राम झटकन उघडतां यावे यासाठीं मनुष्य आपल्या हातानें जे शॉर्टकट करून ठेवतो, ते.

वाचकांपैकीं पुष्कळांस ही युक्ति ठाऊक असेल. ज्यांस नसेल त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगतों. विंडोज या प्रणालीवर चालणाऱ्या संगणकाच्या पडद्यावर प्रोग्रामाच्या शॉर्टकटचें जें चिन्ह असतें, त्यावर माउसची उजवी कळ दाबली म्हणजे एक यादी उघडते. यादीच्या तळाशीं 'प्रॉपर्टीज' हा शब्द असतो, आणि तो निवडल्यावर जी चौकट दिसते तींत 'शॉर्टकट की' या नांवाची एक जागा रिकामी ठेवलेली असते. तेथें समजा 'के' हें अक्षर दाबलें, तर संगणक स्वतःच त्याच्या आधीं 'कंट्रोल' व 'आल्ट' या दोन कळा जोडतो. आणि तेव्हांपासून या तिन्ही कळा एकदम दाबल्या कीं तो प्रोग्राम पुढें येऊन उभा राहतो. १९९५ सालच्या विंडोजपासून ही सोय जवळजवळ याच रूपांत चालत आली आहे. प्रोग्रामच नव्हे, तर एखादें अर्धवट लिहिलेलें टिपणहि याच रीतीनें एका अक्षराच्या अंतरावर आणून ठेवतां येतें. यांत एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. शॉर्टकट म्हणजे ती वस्तु नव्हे, तिच्याकडे जाणारी केवळ वाट होय. चिन्ह पुसून टाकलें तरी मूळ प्रोग्राम जागच्या जागीं राहतो. वाट मोडली म्हणून गांव नाहींसें होत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, ही तर चार-पांच सेकंदांची बचत. एवढ्यांत नीतीचा प्रश्न कसला? पण ज्यांस पैशाचा हिशेब उत्तम कळतो त्यांनीं हें अंतर क्षुल्लक मानलेलें नाहीं. ॲमेझॉन या अमेरिकन पेढीनें एकाच कळीच्या दाबानें माल खरेदी करण्याच्या आपल्या रीतीवर १९९९ सालीं पेटंट मिळविलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत न्यायालयाच्या मनाईहुकुमामुळें बार्न्स अँड नोबल या प्रतिस्पर्धी पुस्तकविक्रेत्यास आपल्या दुकानांत गिऱ्हाइकापुढें एक कळ जास्त ठेवणें भाग पडलें. २००१ सालीं वरिष्ठ न्यायालयानें तो हुकूम रद्द केला, आणि पेटंटाची मुदतहि २०१७ सालीं संपली. परंतु एका कळीच्या अंतरासाठीं दोन मोठ्या पेढ्या न्यायालयांत उभ्या राहतात, यावरून त्या अंतरांत कांहींतरी मोलाचें असलें पाहिजे हें उघड आहे. तें काय, याचाच आपणांस शोध घ्यावयाचा आहे.

प्रथम जवळच्या वाटेची बाजू न्यायानें मांडली पाहिजे. विल्यम जेम्स यानें १८९० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या मानसशास्त्रावरील ग्रंथांत संवयीचें मोठें समर्थन केलें आहे. नित्याच्या बारीकसारीक गोष्टी संवयीच्या हवालीं केल्या म्हणजे मनाची वरच्या दर्जाची शक्ति तिच्या योग्य कामासाठीं मोकळी राहते, असा त्याचा आशय. व्हाइटहेड या गणितज्ञ तत्त्ववेत्त्यानें १९११ सालीं याच्याहि पुढें जाऊन असें प्रतिपादिलें कीं, विचार न करतां पार पाडतां येतील अशा क्रियांची संख्या वाढविल्यानेंच संस्कृतीचें पाऊल पुढें पडतें. हें म्हणणें आपल्याकडील अनुभवाशींहि जुळतें. मोडी लिपींत कागदावर आडवी रेघ आधीं ओढून घ्यावयाची आणि मग लेखणी शक्य तितकी न उचलतां अक्षरें लिहीत जावयाचें, ही रीति काय सुचविते? कारकुनाचें लक्ष अक्षराच्या वळणांत अडकून न राहतां मजकुरावर राहावें, हेंच तिचें प्रयोजन. पत्राच्या आरंभीं येणारें 'सा. न. वि. वि.' हाहि एक शॉर्टकटच आहे. साष्टांग नमस्कार घालून विशेष विनंति करण्याचा सारा विधि त्यांत चार अक्षरांत उरकला जातो, आणि त्यानें वडील माणसाचा अपमान झाला असें कोणास वाटत नाहीं.

परंतु याच उदाहरणांत पहिली मर्यादाहि दिसते. ज्यानें सबंध मायना एकदां लिहिला आहे, ज्यास त्या चार अक्षरांमागचा नमस्कार ठाऊक आहे, त्याच्या हातीं तीं अक्षरें जिवंत असतात. ज्यास तीं कशाचीं आद्याक्षरें हें माहीत नाहीं, तो एक निरर्थक खूण नकलून काढीत असतो. विद्यार्थी मूळ पुस्तक वाचून नंतर त्याचा सारांश काढतो तेव्हां तो सारांश त्यास उपकारक होतो. पुस्तक न उघडतां बाजारांतील गाइडावर जो विसंबतो, त्याला जवळची वाट सांपडली असें म्हणतां येत नाहीं, कारण तो मुक्कामास पोंचलेलाच नसतो. संगणकाच्या बाबतींतहि तेंच. प्रोग्राम कोठें आहे, कागदपत्र कोणत्या कप्प्यांत ठेवला आहे, हें ज्यास ठाऊक आहे त्यानें आपल्यासाठीं एक कळ नेमावी हें सर्वथा योग्य. पण पडद्यावरचें चिन्ह चुकून पुसलें गेलें कीं 'आमचें सर्व गेलें' म्हणून जो घाबरा होतो, त्यानें वाटेलाच गांव मानलेलें असतें. चाललेल्या वाटेचा संक्षेप हें शहाणपण. न चाललेल्या वाटेचा संक्षेप हें परावलंबन, एवढा फरक येथें आहे.

शिवाय ज्यास आपण जवळची वाट म्हणतों ती कित्येकांची एकमेव वाट असते, हेंहि विसरतां कामा नये. ज्याला दृष्टि नाहीं त्याला पडद्यावरील बाण माउसनें नेऊन चिन्हावर टेकविणें शक्य नाहीं. त्याच्यासाठीं पडद्यावरचा मजकूर मोठ्यानें वाचून दाखविणारे प्रोग्राम असतात. त्यांपैकीं 'एनव्हीडीए' हा विनामूल्य प्रोग्राम मायकेल करन या ऑस्ट्रेलियांतील अंध तरुणानें २००६ सालीं लिहावयास घेतला. तो संगणकांत बसविला म्हणजे कंट्रोल, आल्ट व एन या तीन कळांनीं सुरू होतो. म्हणजे वर सांगितलेल्या साध्या सोयीवरच तो उभा आहे. या तीन कळा दाबल्या जाईपर्यंत तें यंत्र त्या मनुष्यापुढें मुकें असतें, आणि त्या दाबतांच तें बोलूं लागतें. शॉर्टकट म्हणजे आळशांचा चोचला, असें सरसकट म्हणणाऱ्यानें हें उदाहरण नजरेसमोर ठेवावें. कोणाचें अंतर कोणाला किती पडतें हें ज्याच्या त्याच्या पायांवर अवलंबून असतें, आणि दुसऱ्याच्या वाटेची लांबी आपल्या पावलांनीं मोजून त्यास नीतीचा उपदेश करणें हें बरें नव्हे.

इतकें मान्य केल्यावर आतां दुसरी बाजू पाहूं. १९८१ सालीं आय.बी.एम. या अमेरिकन कंपनीनें आपला पहिला घरगुती संगणक विक्रीस काढला. त्यावर काम करणाऱ्या डेव्हिड ब्रॅडली या अभियंत्यानें यंत्र एकदम नव्यानें सुरू करण्यासाठीं तीन कळांची जोडणी केली. त्या जोडणींत आरंभीं कंट्रोल, आल्ट व एस्केप या कळा होत्या. त्या तिन्ही कळफलकाच्या डाव्या बाजूस असल्यामुळें एकाच हाताच्या धक्क्यानें चुकून दाबल्या जाण्याची भीति होती, आणि तसें झालें तर जपून न ठेवलेलें सर्व काम क्षणांत नष्ट होणार होतें. तेव्हां एका सहकाऱ्याच्या सूचनेवरून एस्केपच्या जागीं दूर उजवीकडची डिलीट ही कळ घेण्यांत आली. त्या कळफलकावर कंट्रोल व आल्ट एकेकच, तेहि डावीकडे, असल्यामुळें ही क्रिया सहजासहजीं एका हातानें होईना. दोन्ही हात हेतुपूर्वक पुढें करावे लागत. जवळची वाट करणारा मनुष्यच येथें ती वाट बुद्ध्या लांब करीत आहे, हें मोठें मार्मिक आहे. जी कृति परत फिरवितां येत नाहीं, ती नकळत घडूं नये, एवढा विचार त्या कळेच्या स्थानांत सांठविलेला आहे.

याच तीन कळा १९९३ सालापासून विंडोज एनटी या प्रणालींत प्रवेशाचा शब्द लिहिण्यापूर्वीं दाबाव्या लागूं लागल्या. दुसरा कोणताहि प्रोग्राम त्या मध्येंच अडवूं शकत नसल्यामुळें, खोटा दरवाजा उभा करून शब्द चोरणाऱ्यांपासून त्यांनीं रक्षण होई. तरी पुढें २०१३ सालीं बिल गेट्स यांनीं जाहीरपणें म्हटलें कीं, या कामास एकच कळ असावयास पाहिजे होती. हा मतभेद आम्हांस उद्बोधक वाटतो. रोज सकाळीं करावयाच्या कामास दोन्ही हात कां लागावे, ही तक्रार समजण्यासारखी आहे. सर्व काम पुसून टाकणाऱ्या कृतीस दोन्ही हात लागावे, याविषयीं कोणाचीच तक्रार असणार नाहीं.

यावरून एक भेद हातीं येतो. मनुष्याच्या व्यवहारांत कांहीं निवळ क्रिया असतात व कांहीं निर्णय असतात. लिहावयाचें ठरल्यानंतर लेखणी हातीं घेणें ही क्रिया. लिहावें कीं न लिहावें हा निर्णय. व्हाइटहेडचें विधान क्रियांविषयीं आहे, आणि तेवढ्यापुरतें तें अगदीं खरें आहे. निर्णय झाल्यावर उरलेलें अंतर जितकें कमी होईल तितकें चांगलें. परंतु जेथें निर्णय अद्याप व्हावयाचा आहे, तेथें इच्छा व कृति यांमधील थोडासा अवकाश ही अडचण नसून विवेकाची बसावयाची जागा असते. कठोपनिषदांत श्रेय व प्रेय हीं दोन्ही मनुष्यापुढें येतात आणि शहाणा त्यांची पारख करतो असें सांगितलें आहे. पारख करावयाची तर हातांत घेऊन पाहण्याइतका वेळ पाहिजे. तो वेळच काढून घेतला तर जें अधिक जवळ असेल तेंच उचललें जाईल. आणि जवळ बहुधा प्रेयच असतें. एका कळीच्या खरेदीचें मोल याच अवकाशांत होतें. 'खरेंच हवें आहे काय' हा प्रश्न गिऱ्हाइकाच्या मनांत उठण्यापूर्वीं माल विकला जावा, यांत दुकानदाराचा लाभ असतो. आपल्या देशांत याच्या उलट प्रयोग झाला. रिझर्व्ह बँकेनें २००९ सालीं कार्डावरून घरबसल्या होणाऱ्या व्यवहारांस ओळखीची आणखी एक खूण पटविण्याची अट घातली. तिचा हेतु चोरीस आळा घालण्याचा होता. पण दूरध्वनीवर येणाऱ्या त्या सहा आंकड्यांची वाट पाहतां पाहतां कित्येकांस आपली गरज पुन्हां एकदां तपासून पाहण्याची संधि मिळाली असेल, हेंहि खरें.

आतां मूळ प्रश्न पुन्हां घेऊं. शॉर्टकट चांगला कीं वाईट, हा प्रश्न बरोबर नाहीं. कोणती गोष्ट जवळ आणावी, कोणती दूर ठेवावी, आणि हें ठरवावें कोणीं, हा खरा प्रश्न आहे. आमच्या मतें याचें उत्तम शास्त्र कोणत्याहि ग्रंथांत नसून प्रत्येक घरच्या स्वयंपाकघरांत आहे. मिसळणाचा डबा चुलीपासून हातभर अंतरावर असतो, कारण मोहरी घालावी कीं नाहीं याचा विचार फोडणी जळत असतां करावयाचा नसतो. लाडवांचा डबा मात्र वरच्या फळीवर जातो. गृहिणीचा लाडवांवर राग असतो असें नव्हे. तो मागून, उतरवून, वाटून खावयाचा जिन्नस आहे, येतां-जातां हात घालण्याचा नव्हे, एवढेंच त्या उंचीनें सुचविलेलें असतें. स्वयंपाकघराची ही मांडणी म्हणजे त्या घरची न लिहिलेली नीतिच होय.

आपल्या संगणकावर मनुष्य जेव्हां स्वतःच्या हातानें कळा नेमूं लागतो, तेव्हां तोहि अशीच मांडणी करीत असतो. नव्या यंत्राच्या तळपट्टीवर जीं चिन्हें आयतीं मांडलेलीं येतात, तीं विकणाऱ्याच्या सोयीनें मांडलेलीं असतात. हातांतील दूरध्वनीची गोष्ट तर बोलावयासच नको. सकाळच्या शांत वेळीं बसून, आपल्या आयुष्यांत काय जवळ असावें याचा विचार करून, ज्यानें आपल्या अपुऱ्या लेखाला एक अक्षर नेमून दिलें आणि खेळाचें चिन्ह पडद्यावरून काढून आंतल्या कप्प्यांत ठेवलें, त्यानें रात्रीच्या थकलेल्या स्वतःसाठीं एक कायदा केला असें समजावें. स्वतःचा नियम स्वतः घालून तो पाळणें यास तत्त्ववेत्ते स्वातंत्र्य म्हणतात. एवढ्या मोठ्या शब्दाचा इतक्या लहान जागीं उपयोग केल्याबद्दल कोणी हंसेल. पण मोठे शब्द लहान जागीं खरे ठरले नाहींत तर मोठ्या जागीं ते खरे ठरतील याचा भरंवसा काय?

मात्र नियम आपला असला तरी यंत्र पुष्कळदां एकट्याचें नसतें. पोलिश भाषा लिहितांना तिचीं विशेष अक्षरें उजव्या आल्ट कळीनें उमटतात, आणि विंडोज त्या कळेस कंट्रोल व आल्ट यांची जोडीच समजतें. त्यामुळें कोणीं कंट्रोल, आल्ट व ए हा शॉर्टकट आपल्या आवडत्या प्रोग्रामास दिला, तर त्याच यंत्रावर पोलिश लिहिणाऱ्यास आपल्या भाषेचें एक अक्षर उमटविण्याऐवजीं तो प्रोग्राम उघडलेला दिसेल. आपल्या जवळच्या वाटेनें दुसऱ्याचें शेत तुडविलें जात नाहीं ना, हें पाहणें हाहि त्या स्वातंत्र्याचाच भाग आहे. घरांतील सर्वांचा मिळून एक संगणक असेल तेथें ही गोष्ट विशेष जपावी.

शेवटीं एक आक्षेप उरतो, आणि तो सर्वांत वजनदार आहे. लाडू उंच फळीवर आहेत म्हणून जो खात नाहीं, त्याचा संयम तो कसला? दूर ठेवण्यानें सद्गुण उत्पन्न होत असेल तर तो फळीचा सद्गुण, मनुष्याचा नव्हे. या आक्षेपास संगणकाच्याच इतिहासांत एक पुष्टि सांपडते. १९६९ सालीं बेल प्रयोगशाळेंत जन्मलेल्या युनिक्स या प्रणालींत आज्ञा अत्यंत तोकड्या आहेत, कारण त्या काळचीं टंकयंत्रें संथ होतीं व एकेका अक्षराची किंमत होती. कागदपत्र कायमचें नष्ट करण्याची आज्ञा तींत 'आर' व 'एम' या दोनच अक्षरांची आहे, आणि ती सामान्यतः कांहीं न विचारतां अमलांत येते. म्हणून पुष्कळ सावध लोक त्या आज्ञेस असें उपनाम देऊन ठेवतात कीं, तिनें प्रत्येक वेळीं 'नष्ट करूं काय' असें विचारावें. पण मुरलेले जाणकार अशा पहारेकऱ्यापासून सावध राहावयास सांगतात. दहा वेळां प्रश्न आला कीं अकराव्या वेळीं बोट न वाचतांच 'होय' दाबतें. शिवाय परक्या यंत्रावर, जेथें तो पहारेकरी नाहीं, तेथें मनुष्य त्याच्याच भरंवशावर राहून सर्वस्व घालवून बसतो. म्हणजे अंतराचीहि संवय होते, आणि संवय झाली कीं तें अंतर उरत नाहीं.

हा आक्षेप आम्ही मान्य करतों, पण त्यावरून निघणारें अनुमान मान्य करीत नाहीं. फळी सद्गुण देत नाहीं हें खरें. परंतु फळीवर डबा ठेवणारा हात कोणाचा, हें विसरून कसें चालेल? तो हात ज्या क्षणीं वर गेला त्या क्षणीं विवेक जागा होता. मनुष्याचा विवेक चोवीस तास सारख्याच तेजानें जळत नाहीं. दुपारीं तो मंदावतो, रात्रीं विझूं लागतो. जागा असतां त्यानें आपल्या झोंपेची तरतूद करून ठेवावी, यांत कमीपणा कसला? उणेपणा आहे तो एकदां केलेली तरतूद कायमची समजण्यांत. पायवाटेवर कोणी चालेनासें झालें कीं पावसाळ्यांत तिच्यावर गवत उगवतें, आणि नव्या गरजेची नवी वाट पडते. आपल्या नेमलेल्या कळांचेंहि तसेंच असावें. वर्षाकांठीं एकदां घरांतील माळा झाडतांना ज्या दृष्टीनें आपण जुने जिन्नस पाहतों, त्याच दृष्टीनें यांजकडे पाहावें. ही वाट मला अद्याप हवी आहे काय, ही मींच पाडली कीं दुसऱ्या कोणीं माझ्या दारापर्यंत आणून सोडली, आणि जेथें ती नेते तेथें मला खरोखर जावयाचें आहे काय, हे तीन प्रश्न विचारावयास पांच मिनिटें पुरतात. शॉर्टकटांनीं वर्षभरांत जो वेळ वांचविला असेल, त्यांतून एवढी पांच मिनिटें काढणें कोणासहि जड जाऊं नये.